नवसाचं जर्मनचं विमान

काल सकाळी दोन समया चिंचेने घासून झाल्या होत्या, घंटा आणि ताम्हन राहिलं होतं, एवढ्यात शेजारची भागूबाई पदराखाली काहीतरी झाकून मागच्या दारी आली आणि पायरीवर मटकन बसली.

"वयनी, माज्या हातून घात झाला गं."

पदराखाली हिरामणचं विमान होतं. आदल्या संध्याकाळी लखलखत होतं ते. आता चुलीवरच्या टोपासारखं काळवंडलेलं.

हिरामण तिचा एकुलता एक. बाप लवकर गेला, तिने लोकांच्या लावण्या करून पोर वाढवलं. शाळेत त्याचं बूड टिकलं नाही. कर्जतला एका पत्रेवाल्याकडे कंदील, बादल्या डाख देऊन सांधायला शिकला आणि लढाईची भरती निघाली तसा आसामात विमानांचे पत्रे बसवायला गेला. तिकडे बॉम्ब पडतात हे ऐकून भागूबाई गावदेवीला बोलली, पोर धड आलं तर चांदीचं इमान वाहीन. आमच्या शेलूत नवसाचे पाळणे वाहतात, चांदीचे डोळे वाहतात. विमान कोणी बोललं नव्हतं.

पोर दिवाळीला धड आलं. चांदी कुठून येणार?

"इमान चांदीचं नसतंच, आये," हिरामण म्हणाला. "आपल्या जर्मनच्या टोपाचं असतं. घासलं का चांदीला मागं टाकतं." जर्मन म्हणजे आमच्याकडे अॅल्युमिनियम.

गुरव कबूल झाला, पण समईची ज्योत त्यात दिसली पाहिजे म्हणाला. नवस फेडायचा तो चैत्राच्या जत्रेलाच, आणि ज्याच्यासाठी बोलला त्याने तोवर गावाची शीव ओलांडायची नाही, ही इथली रीत. कर्जतला रेल्वेच्या शेडात त्याला काम मिळत होतं. जत्रा झाली की हजर व्हायचं होतं. जत्रा हुकली तर काम गेलं आणि पुढच्या चैत्रापर्यंत हा गावातच.

हिवाळाभर त्याला मी स्वस्थ बसलेला पाहिला नाही. शिवेवरच्या दगडापर्यंत जायचा, तिथून परत. जेवताना ताटाची कड अंगठ्याने घासत राहायचा. पांगाऱ्याचं लाकूड कोरून त्याने विमान केलं, फुटका टोप कापून, ठोकून पातळ केला आणि तुकडा तुकडा बारीक खिळ्यांनी वर बसवला. मग खडूची भुकटी, घासलेट आणि घोंगडीचा तुकडा. एकाच दिशेने घासायचं, उलटा हात फिरवायचा नाही.

"टोप उडून गेला तर भात कशात शिजवशील रं?" पलीकडच्या घरचा नामा कुंपणावरून विचारायचा.

"तुज्या डोक्यात. रिकामंच हाय."

रोज संध्याकाळी विमान दिव्यापाशी धरायचा आणि म्हणायचा, "अजून नाय. तिकडं पंखात बघून दाढी करायचो मी." परवा एकदाचं त्याने ते खाली ठेवलं.

आणि त्याच रात्री, जत्रा दुसऱ्या दिवसावर आलेली, भागूबाईला वाटलं, देवीला द्यायची वस्तू, आपला हात लागायला हवा. पितळेला लावते तशी ओली राख फासून सकाळपर्यंत ठेवली. राखेने पितळ उजळतं, जर्मन काळं पडतं.

हिरामण तिला शोधत आला. विमान पाहिलं. आमच्या विहिरीला फेऱ्या मारू लागला. भागूबाई म्हणाली, "मार मला, पन बोल." तो थांबला तो माझ्या चिंचेच्या वाटीपाशी. बोटाने थोडी चिंच घेऊन विमानाच्या पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी चोळली. काळं उतरलं.

"वयनी, घासलेट हाय?"

माझ्या कंदिलातलं होतं तेवढं दिलं. त्याच्या घरचं तर आधीच संपवलं होतं. दुपारभर तो ओट्यावर घासत होता, मध्येच उठत होता, देवळाकडे कान देत होता. माझी घंटा तशीच राहिली. देवाने समजून घ्यावं.

काळं गेलं, पण चमक सगळीकडे सारखी येईना. एक पत्रा आरशासारखा, शेजारचा धुरकट. भागूबाई डोळ्यांना पदर लावून बसली.

"खरं इमान असंच दिसतं, आये. एक पत्रा नवा, एक जुना, एक मोडक्या इमानाचा काढून लावलेला. मीच लावायचो."

खरं सांगत होता की आईसाठी, मला कळलं नाही. ढोल वाजला आणि आम्ही निघालो.

गुरवाने विमान समईपुढे धरलं. डावा पंख. फिरवलं. पुन्हा डावा. भागूबाईने माझा दंड इतका आवळला की अजून दुखतो आहे. मग उजवा पंख, टोकाकडचा पत्रा.

"दिसली," गुरव म्हणाला.

"एकाच पंखात?" मागून नामा.

"ज्योत तरी एकच हाय ना," गुरव म्हणाला आणि विमान पाळण्यांच्या शेजारी टांगलं.

हिरामण उद्या शेडात हजर होणार. आज सकाळी दोन्ही घरचे डबे घेऊन तो शिवेवरच्या दगडाच्या पलीकडे गेला. नेरळला, घासलेट आणायला.