पुढचं ठाऊक असताना

तो पोरगा मरणार नाही, हे माझ्या नवऱ्याला पहिल्या भागापासून ठाऊक होतं. मला नव्हतं.

मालिका होती गाजलेल्या सिनेमांतल्या एका धाडसी नायकाच्या तरुणपणाची. सिनेमांत तो भुयारांतून, पडक्या देवळांतून जुन्या वस्तू शोधत हिंडणारा पोक्त पुरुष, मालिकेत नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा. ह्यांनी ते सिनेमे कॉलेजात असताना पाहिले होते, मी एकही नाही. त्यामुळे पोरगा कड्यावरून घसरला की मी उशी घट्ट धरायची आणि हे हसायचे. "अगं, त्याला काही होत नसतं. सगळे सिनेमे व्हायचेत त्याचे अजून."

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. मालिकेचे उरलेले भाग मी पाहिलेले नाहीत.

ती मालिका पाहत होतो त्याच उन्हाळ्यात त्यांना जेवण जाईनासं झालं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मी आणि मंगळवेढ्याहून आलेले माझे थोरले दीर गेलो. पोटाचा कर्करोग होता, यकृतापर्यंत पोचलेला. दवाखान्याच्या जिन्यातच दीर थांबले.

"त्याला काय बी सांगायचं न्हाय. अल्सर म्हणायचं. कळलं तर तो हातपायच गाळंल."

आमच्याकडे असंच करतात. सासऱ्यांच्या वेळीही असंच केलं होतं. मी मान डोलावली.

घरात शिरताच दीर मोठ्यानं म्हणाले, "लई शेंगाचटणी हाणलीस की रं! अल्सर झालाय. बंद आता."

"सोलापुरात राहून चटणी बंद? त्यापेक्षा गाव सोडायला सांग," हे म्हणाले.

दोघं भाऊ हसले. मी चहा टाकायला आत गेले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. दीर शनिवारी सकाळी गाडी घेऊन येणार होते. तिथं काय करायचं, किती करायचं, हे सगळं दीरांनी आणि मी ठरवायचं होतं. ज्यांच्या पोटात सुया जाणार होत्या त्यांनी नाही.

शुक्रवारी दुपारी पडदे ओढून, कूलर लावून आम्ही मालिका लावली. पोरगा विहिरीत दोराला लोंबकळत होता, वर कुणीतरी दोर कापत होतं. मी पडद्याकडे बघतच नव्हते. मी ह्यांच्याकडे बघत होते. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकलं होतं. पुढचं ठाऊक असलं की माणूस निवांत बसतं, असं ते नेहमी म्हणायचे. मला पुढचं ठाऊक होतं आणि मला बसवत नव्हतं.

"आज घाबरली नाहीस," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "अल्सरसाठी पुण्याला कशाला गं? इथले डॉक्टर काय संपावर आहेत?"

मला थाप मारता आली असती. वाक्य तयारही होतं, दीरांनी शिकवलेलं.

"अल्सर नाही," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं, यकृताचंही.

त्यांनी रिमोट उचलून चित्र थांबवलं. रडले नाहीत.

"दादाला ठाऊक आहे?"

"हो. रिपोर्ट आम्ही दोघांनीच आणला."

"म्हणजे तो चटणीवरून मला हसवत होता तेव्हा..." एवढं बोलून ते उठले. इतके रागावलेले मी त्यांना, ते शिकवायचे त्या शाळेतल्या पोरांवरही कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दीरांना फोन लावला. पलीकडून आधी दीरांचा मोठा आवाज आला, मग नुसते हुंदके.

"रडू नको रं," हे म्हणाले. "गाडी आण. पर मी पुढं बसणार. आन् डॉक्टरशी मी बोलणार, तू न्हाय."

फोन ठेवल्यावर ते माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. जेवायला बसताना म्हणाले, "रिपोर्ट घेऊन घरी आल्या आल्याच सांगायला हवं होतंस." एवढंच.

सकाळी दीरांनी न बोलता गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

पुण्यात डॉक्टरांनी फाईल चाळली, चष्मा वर केला आणि सवयीनं दीरांकडे बघून बोलायला सुरुवात केली. दीर खाली बघत राहिले.

"डॉक्टर," हे म्हणाले, "इकडं बघून बोला. माझ्याबद्दल चाललंय."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली.