बाजूला काढलेले तवसे

"ते तवसं उचल. सडक्या कुशीचं तवसं इतरांच्यात मिसळायचं नाय."

संत आन्नाच्या पुतळ्यासमोर, भरल्या चॅपेलमध्ये, यजमानीणबाई माझ्या मुलीला हे बोलल्या. बोलून थांबल्या नाहीत. टोपलीत हात घालून त्यांनी तिचे तवसे काढले आणि दाराबाहेर जांभ्याच्या पायरीवर ठेवले. मग रुमालाने बोटे पुसली.

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत ख्रिस्ती घरे थोडी. संत आन्ना ही मरियामातेची आई. गर्भार बायकांची, मूल मागणाऱ्यांची कैवारी. तिच्या सणाला बायका परसातले तवसे, म्हणजे पावसाळी मोठी काकडी, तिला वाहतात आणि मूल मागतात. चॅपेलची जमीन यजमानांच्या, म्हणजे बाईंच्या नवऱ्याच्या, आजोबांनी दिली. त्या काळी आम्ही त्यांची कुळे. कूळकायद्याने जमिनी सुटल्या; त्यांचा सणाचा मान सुटला नाही. मी शाळेत शिकवून निवृत्त झालो. वाडी मला मास्तर म्हणते. त्यांच्या ओटीवर मी अजून 'आमच्या कुळातला मास्तर' आहे.

माझ्या मुलीचे मूल आठव्या महिन्यात पोटातच गेले. मुलगी होती. बाळाचे नाव तिने रोझा ठेवले. नवरा बोटीवर नोकरीला. ती बोलेना, जेवेना. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मग एके सकाळी आपण होऊन उठली आणि संत आन्नापुढे मेणबत्ती लावून आली. रोज जाऊ लागली. परतल्यावर दोन घास खायची. मला तेवढे पुरे होते. सणाच्या दिवशी यजमानीणबाईंनी तेही काढून घेतले.

"माझ्या सुनेला दिवस गेलेत," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "हिची सावली नको. पुढच्या वर्षी बघू."

मागून कोणीतरी कुजबुजले, "मास्तरांची पोर तवशातपण नापास." चार जण हसले.

मुलगी रडली नाही. म्हणाली, "बाई, मी पोर मागायला नाय आले. माझी पोर तिच्याजवळ ठेवायला आले."

मी फादरांकडे पाहिले. त्यांनी हातातल्या जपमाळेकडे पाहिले.

"मास्तर, जुनी रीत आहे. जरा सांभाळून घ्या."

मला किळस आली. बाईंच्या शब्दांची आलीच; त्याहून अधिक आली त्या भरल्या चॅपेलची. गुडघे टेकलेली, धुपाच्या वासात न्हालेली, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसे. मूल गमावलेल्या आईला संताच्या पायापासून हाकलण्यासाठी यांना रीत सापडते. तिला उठून जागा देण्यासाठी मात्र यांच्याकडे कुठलीच रीत नाही. आंब्याच्या बागेला घालावे तसे यांनी सांत्वनालाही कुंपण घातले आहे.

मी पायरीवरून तवसे उचलले आणि थेट संत आन्नाच्या पायाशी नेऊन ठेवले.

"मास्तर, जागा कोणाची ते विसरलात काय?" बाई म्हणाल्या.

"जागा तुमच्या घराने दिली," मी म्हणालो. "संत आन्ना तुमच्या घराने दिली नाही."

दुसऱ्या दिवशी यजमानांच्या घरून निरोप आला. मास्तरांनी माफी मागावी, नाहीतर मुलीने चॅपेलमध्ये पाऊल टाकू नये. निरोप आणणाऱ्याला मी चहा दिला. उत्तर दिले नाही.

त्यानंतर फादरांना भेटलो. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, मृतांसाठी प्रार्थना होते, तीत रोझाचे नाव घ्या, असे सांगितले.

"बाप्तिस्मा झालेला नाही तिचा," फादर म्हणाले. "विचारून सांगतो."

"कोणाला विचारणार? बिशपांना, की बाईंना?"

त्यांची नजर यजमानांच्या घराकडे गेली. मला उत्तर मिळाले.

मी माफी मागणार नाही. परवानगीही मागणार नाही. रविवारी मुलीला घेऊन मिस्सेला जाईन. मृतांची नावे सुरू झाली की उभा राहीन आणि माझ्या नातीचे नाव मोठ्याने घेईन. दर रविवारी घेईन. ज्याला आम्हांला थांबवायचे असेल, त्याने सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर हात ठेवावा.