चार ठाण्यांची फिरती वही

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, तेव्हाची गोष्ट. लष्कराच्या गुप्तवार्ता खात्याने मला रत्नागिरीत सुपारीचा दलाल म्हणून बसवलं होतं. काम एवढंच, की दक्षिणेकडून तिथल्या मांडवी बंदरात येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायची आणि वर कळवायचं. कळवल्याचं पुढे काय होई, देव जाणे. दोन वर्षं मी कोणाशी खरं बोललो नव्हतो. खोटं बोलून माणूस किती एकटा पडतो, ते मला तिथे कळलं.

किनाऱ्यावर अशी आणखी तीन ठाणी होती. एकाने खाल्लेली ठेच दुसरा नव्याने खाई. शेवटी साहेबांच्या मागे लागून मी एक फिरती वही सुरू करवली. ज्याला जे उमगलं ते त्याने लिहायचं आणि वही पुढच्या ठाण्याला धाडायची. नावं मात्र नाहीत, नुसते नंबर.

तीन नंबरवाला फक्कड लिही. ‘गलबत कुठलं ते शिडावरून ठरवू नका, शीड उसनंही आणतात. दोराच्या गाठी बघा.’ वही आली की मी आधी त्याचं पान उघडी. बोलायला माणूस मिळाल्यासारखं वाटे.

एकदा बंदरावरच्या चहाच्या टपरीत एक अनोळखी माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, कौलांचा व्यापारी आहे. मी म्हटलं, मी सुपारीचा. तासभर त्याने मला खोदून खोदून विचारलं आणि मी त्याला. टपरीवाला वैतागला.

"काय वो, दोघांनी नुसतं इचारायचंच, तर सांगायचं कोनी?"

कौलवाला हसला, उठला आणि जाता जाता गलबतांचे दोर न्याहाळत राहिला.

आम्ही पडलो हुशार! लगेच वहीत लिहिलं: संशयित इसम, उंच, डाव्या भुवईवर व्रण, कौलांतलं ओ की ठो कळत नाही, दोरांकडे फार बघतो. सर्वांनी सावध राहावं.

वही फिरून परत आली. तीन नंबरच्या पानावर तेच ओळखीचं अक्षर होतं. ‘वर्णन बिनचूक. तो इसम मीच. माझी उत्तरेला बदली झाली. जाण्याआधी तुम्हाला एकदा भेटावं, म्हणून वाकडी वाट करून आलो होतो. तुम्हीच ते, हे तुमच्या प्रश्नांवरून कळलं होतं. पण सांगायला जीभ रेटेना.’

मला स्वतःचा संताप आला. त्याला चार ओळी लिहाव्यात म्हटलं, तर पत्ता नाही, आणि साहेबांना विचारायची सोय नव्हती. दोन वर्षांत मला भेटायला म्हणून कोणी आलं असेल तर तो एकटा, आणि त्याचीही मी खबर दिली होती.