केबलवर सांगितलेला दगड

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल होतं, ते पार टिटवाळ्यापर्यंत दिसायचं. त्यावर दर रविवारी एक इतिहास संशोधक बोलायचे. महत्त्वाचं वाक्य झालं की ते चष्मा काढून थेट कॅमेऱ्यात बघायचे.

एका रविवारी ते म्हणाले, "टिटवाळ्याजवळ एका शेतात शिलाहारकालीन शिलालेख आहे. तो अजून कोणीच वाचलेला नाही. मंडळी, जाऊन बघा!"

न वाचलेल्या लेखाचा काळ यांना कसा कळला, हे मला खटकलं. महिन्याभराने मी बघायला गेलो, तर संशोधकही अक्षरांचा ठसा घ्यायचा कागद घेऊन तिथे पहिल्यांदाच आलेले. समोरचा दगड शेंदराने लालभडक झाला होता.

दिवा लावणारी आजी म्हणाली, "मास्तर, तुमीच टीवीवर सांगलंव ना, देव जुना हाय! आमी आधी विटेनं घासला, मंग शेंदूर लावला."

"अहो आजी, त्यावर अक्षरं होती!"

"व्हय, लय खरबरीत होता."

मी संशोधकांना विचारलं, "आधी ठसा का नाही घेतलात?"

त्यांनी चष्मा काढला. "कार्यक्रमाची वेळ ठरली होती हो. आणि इतिहास लोकांपर्यंत पोचला, हे काय कमी आहे?"

पुढच्या रविवारी ते शेंदरी दगडाचा फोटो दाखवून लोकश्रद्धेवर बोलले. लेखाचं नावही काढलं नाही. शेवटी म्हणाले, "आता कल्याणजवळचा एक दगड!" आणि चष्मा काढला.

मला त्या दगडाची दया आली.