रानजायफळाची सोयरीक

आमचे चुलतसासरे नात्यागोत्याची जेवढी चौकशी करतात, तेवढी अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुठलं वधूवर सूचक मंडळही करत नसेल. फरक इतकाच, की काका सोयरीक जुळवतात ती झाडांची. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं श्रीवर्धनात गप आपली सुपारीची वाडी सांभाळावी की नाही? छे! जवळच्या देवराईत रानजायफळाची मोजकीच झाडं उरलीत, आणि त्यांची रोपं वर्षभरात माना टाकतात, याचा यांना घोर. झाडं एकमेकांची सख्खी भावंडं असणार, घरातल्या घरात लग्नं लागून पोरं मरतुकडी निघत असणार, हा काकांचा संशय. तो डोक्यात इतका भिनलाय, की साखरपुड्यातसुद्धा नवरानवरीच्या कानांच्या पाळ्या एकसारख्या तर नाहीत ना, हे न्याहाळतात आणि "आजोळ एकच नाही ना?" असं विचारून मांडवात खळबळ उडवतात.

खरं नातं पानांतल्या डीएनएवरून कळणार. पण या देवराईतून देवीच्या कौलाशिवाय वाळकी काडीही बाहेर जात नाही. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, उजवी आधी पडली तर होकार. काका पक्के नास्तिक, तरी कौल घेतल्याशिवाय पानाला हात लावत नाहीत. ज्याचं घर त्याला विचारायला नको का, म्हणतात. तर अशी रीतसर मागून आणलेली पानं मुंबईच्या प्रयोगशाळेत जाण्याआधी आमच्या नागावच्या फ्रीजरमध्ये, बोंबलांशेजारी मुक्कामाला आली आणि बायकोनं तमालपत्र समजून ती पुलावात घातली. काकांनी दोनदा वाढून घेतला, वासाचं कौतुक केलं, आणि मग पातेल्यातलं पान ओळखून सुतक आल्यासारखे बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन गुरवाकडे. काहीतरी थाप मारा म्हटलं, तर यांनी सगळं खरं सांगितलं. गुरव पोट धरून हसला, पुलाव कसा झालता ते पन देवीला सांगा म्हणाला. उजवी पाकळी पडली. नवी पानं मुंबईला गेली आणि संशय खरा ठरला. सगळी भावंडंच! काकांनी आळीभर पेढे वाटले.

यंदा त्यांनी दूरच्या देवराईतली, परक्या घराण्याची रोपं आणून लावली. फळ धरायला पंधरा-वीस वर्षं तरी जातील. काकांनी सत्तरी कधीच ओलांडलीय. गुरवानं हळूच विचारलं, "काका, तुमच्या हातानं फळ तोडाल का, कौल लावू?"

"माझं नको रे. रोपांना हा उन्हाळा सोसेल का, तेवढं विचार."

उजवी पडली. काका टाळ्या पिटत सुटले. मला मात्र देवीला त्यांचंच विचारायचं होतं. डावी पडली असती तर, या भीतीनं मी गप्प राहिलो.