एकोणीस गाड्यांचं गॅरेज आणि माय

सुभाषशेठनी पद्मिनीच्या मागच्या सीटवर बोट फिरवलं आणि ते माझ्या नाकासमोर धरलं. बोटाला हिरवट पूड लागली होती.

"मॅडम, हे काय?"

"पॅटिना," मी म्हणाले.

पॅटिना म्हणजे जुन्या वस्तूवर काळाने चढणारी शोभेची झाक. हा शब्द मी आदल्याच महिन्यात एका चकचकीत मासिकात वाचला होता आणि कुठेतरी वापरायला टपून बसले होते.

"मॅडम, आमचा धंदा कांद्याचा आहे," सुभाषशेठ म्हणाले. "बुरशी आम्ही रस्त्यावरून ओळखतो."

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरसवदा. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईचे साइटवरचे फोटो नातीला दाखवायची मला लाज वाटते. चिखलात पांढरी पँट. गॉगल डोक्यावर, कारण डोळ्यांवर लावला तर ड्रॉइंग दिसत नसे. व्हिजिटिंग कार्डवर साधं 'आर्किटेक्ट' नाही, 'स्पेस क्युरेटर' छापलेलं. ते कार्ड वाचून माझ्या सख्ख्या भावाने काळजीने विचारलं होतं, "प्रॅक्टिस बंद केलीस का?"

आता कामाबद्दल सांगते. सुभाषशेठ मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी. नाशिकबाहेर दिंडोरी रोडला त्यांचा मळा आणि बंगला. बंगल्यापुढे ऐसपैस अंगण, आणि त्या अंगणात एकोणीस जुन्या गाड्या. अँबेसिडर, पद्मिनी, दोन जीप, एक कंटेसा, आणि एक अशी की जिचं नाव खुद्द शेठनाही खात्रीने सांगता येत नव्हतं. यातल्या चालू किती, हा प्रश्न शेठ टाळत. "सगळ्या चालू आहेत. काही आत्ता चालू नाहीत, एवढंच."

अंगणावर हक्क होता त्यांच्या आईचा. वय पंच्याहत्तर, नऊवारी, बोलणं अहिराणी वळणाचं, आवाज दोन शेतं पलीकडे जाणारा. तिला सगळे माय म्हणत. मायला अंगण हवं होतं आणि तिने शेठना अट घातली होती. गाड्यांची सोय दसऱ्याआधी दुसरीकडे करायची. दसऱ्याला एकूण एक गाडी आपली आपण बाहेर येऊन पूजेला उभी राहील. ढकलायची नाही, ओढायची नाही. जी येणार नाही, ती दुसऱ्या दिवशी भंगारात.

शेठ मायला एरवी कधी घाबरत नसत. पण भंगारवाल्याचा टेम्पो तिने एकदा खरोखर बोलावला होता.

म्हणून गॅरेज. एकशे दहा फूट लांब, पन्नास फूट रुंद. मी अर्थातच त्याला गॅरेज म्हणत नव्हते. 'ऑटो गॅलरी' म्हणत होते. चारही बाजूंनी बंद, समोर काच, भिंतींना आणि छताला इन्सुलेटेड पॅनेल. म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं सँडविच. उष्णता आत येत नाही, धूळ आत येत नाही. आत चार ए.सी. माझं म्हणणं, गाड्या म्युझियममधल्या मूर्तींसारख्या दिसल्या पाहिजेत.

पावसाळा सुरू झाला तेव्हा पॅनेल नुकतेच बसले होते. शेठनी हौसेने गाड्या आत घेतल्या. भिजलेल्या, चिखलाच्या. मी दार बंद केलं आणि टाळ्या वाजवल्या.

इथे दोन गोष्टी साध्या भाषेत सांगते. नवं काँक्रीट वरून कोरडं दिसलं तरी कित्येक महिने आतलं पाणी बाहेर सोडत असतं. आणि दमट हवा थंड लोखंडाला लागली की तिथे पाणी धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसं. माझ्या गॅलरीत खालून फरशी पाणी सोडत होती, वरून गाड्या निथळत होत्या आणि हवेला जायला फट नव्हती. ए.सी. चालू राहिले असते तर कदाचित निभावलं असतं. पण मायने दुसऱ्याच दिवशी मेन स्विच खाली ओढला होता. "गाड्यांना ए.सी. अन् मी पंख्याखाली?"

महिनाभरात पद्मिनीवर बुरशी, जीपच्या ब्रेकना गंज, कंटेसाच्या डॅशबोर्डवर छोटी अळंबी. अळंबीचं मी शेठना सांगितलं नाही. उपटून पर्समध्ये टाकली.

मग माय बघायला आली. दारात उभी राहिली, एकदा नाक वर करून वास घेतला.

"बाई, हाई काय शे?"

"ऑटो गॅलरी."

"कांदा ठेवला आसता तर आठ दिवसात सडला आसता." मग माझ्याकडे वळून, "तू शिकेल शे ना, बाई? मग चाळ पाह्यली नाय का कधी?"

कांदाचाळ नाशिकमध्ये राहणाऱ्या कोणीही पाहिलेली असते. मीही हजारदा पाहिली होती, गाडीच्या काचेतून. लांबट शेड, जमिनीपासून उचललेली, बाजूंना फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या, वर पत्रा. वारा एका बाजूने शिरतो, ढिगातून फिरतो, दुसरीकडून निघून जातो. कांदा त्यात चार-पाच महिने टिकतो. मी पाच वर्षं कॉलेजात व्हेंटिलेशन शिकले, त्यात इटली होतं, जपान होतं, कांदाचाळ नव्हती.

शेठ म्हणाले, "मॅडम, माय म्हणते तसंच करून टाका."

"शेठ, देशभरातले लोक हे बघायला येणार आहेत! पुण्याच्या डिझाइन मासिकाचा फोटोग्राफर दसऱ्याला येतोय! मी काय चाळ दाखवू?"

"अळंबी दाखवा," माय म्हणाली. तिने माझ्या पर्समधून डोकावणारा देठ पाहिला होता.

त्यानंतर मी वाद घातला नाही.

स्टीलचं काम मालेगावच्या सलीमभाईंकडे होतं. फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंड कापून, वेल्डिंग करून सांगाडे उभे करणारे. त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की आपण 'पॅसिव्ह क्रॉस व्हेंटिलेशन' करणार आहोत.

सलीमभाईंनी ड्रॉइंग उलटं धरून पाहिलं, मग सुलटं. "मॅडम, ये तो कांद्याची चाळ है."

"तशी नाही."

"तशीच है. मी चाळीस बांधल्यात. पण तुमची महाग पडेल."

काच निघाली. भिंतींचे खालचे चार फूट आणि छताखालचे दोन फूट कापून तिथे लूव्हर बसवले, म्हणजे बाहेरच्या बाजूला झुकलेल्या तिरप्या पट्ट्या. वारा येतो, पाऊस येत नाही. आतून उंदरांसाठी जाळी. छताच्या कण्यावर गरम हवा जायला फट. माय रोज खुर्ची टाकून बसायची आणि सूचना करायची. त्यातली एक सूचना होती मागच्या भिंतीला मोठं शटर.

"कशाला, माय? लूव्हर पुरेत."

"हवा खेळली पाह्यजे."

"दहा फुटांचं शटर? हवा काय ट्रॅक्टरवर बसून येणार आहे?"

माय हसली. तेव्हा ते हसू मला भोळं वाटलं. माणूस ओळखण्यातली माझी तेव्हाची हुशारी ही एवढीच.

दहा दिवसांत वास गेला, पंधरा दिवसांत फरशी कोरडी. गॅरेजमध्ये उभं राहिलं की पदर उडायचा. आता प्रश्न उरला गाड्यांचा. मेकॅनिकने दसऱ्याच्या आदल्या सकाळी हिशोब सांगितला: चौदा सुरू होतात, पाच होत नाहीत. एकीला इंजिनच नव्हतं.

"इंजिन कुठे गेलं?" मी विचारलं.

"आणायचंय," शेठ म्हणाले. गाडी त्यांनी नऊ वर्षांपूर्वी घेतली होती.

ते शेजारच्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. त्या पाचांतली ती त्यांच्या वडिलांची अँबेसिडर होती. वडील तिच्यातून मार्केटला जात, मागच्या सीटवर नमुन्याचे कांदे घेऊन. शेठ फडक्याने एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिले. त्या कामात पहिल्यांदाच मला माझ्या फोटोंपेक्षा दुसऱ्या कोणाची तरी जास्त काळजी वाटली.

त्याच वेळी माझ्या पायाखालून एक नट घरंगळत गेला. पुढच्या दारापर्यंत न थांबता गेला आणि बाहेर पडला.

गॅरेजच्या फरशीला थोडा उतार देतात, गाड्या धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून. शंभर फुटांना एक फूट पुरतो. मी ड्रॉइंगवर घाईत चाळीस फुटांना एक लिहिला होता. मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत तब्बल पावणेतीन फूट! चूक माझीच. प्रत्येक चाकाखाली वीट ठेवल्याशिवाय गाडी जागेवर राहत नव्हती आणि यावरून सलीमभाई मला महिनाभर टोमणे मारत होते.

"शेठ," मी म्हणाले, "मायची अट काय आहे? ढकलायची नाही, ओढायची नाही. बरोबर?"

शेठनी नटाच्या वाटेकडे पाहिलं. मग विटांकडे पाहिलं. मग त्यांनी मला वाकून नमस्कारच केला.

त्या दिवसभर आम्ही टायरमध्ये हवा भरली, चाकांना ग्रीस लावलं आणि त्या पाच गाड्या मधल्या रांगेत, दाराकडे तोंड करून लावून ठेवल्या.

दसऱ्याला सकाळी अंगणात रांगोळी, झेंडूच्या माळांचा ढीग, माय खुर्चीत. चौदा गाड्या धूर काढत, खोकत बाहेर आल्या. मग सलीमभाईंनी पहिल्या बंद गाडीच्या चाकाखालची वीट काढली. गाडी निघाली. शेठ स्टीअरिंगवर, मान ताठ, नजर समोर, जणू राष्ट्रपतीच सलामी घेताहेत. आवाज शून्य. फक्त चाकांची कुरकुर. मला ती शांतता सहन होईना, म्हणून मी दारामागून तोंडाने 'घुर्रर्र' असा आवाज काढला. छप्पन्न वर्षांची स्पेस क्युरेटर.

सलीमभाई कुजबुजले, "मॅडम, पद्मिनीचा आवाज असा नसतो."

पाचवी गाडी, बिनइंजिनाची, रांगोळी पुसत मायच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर थांबली. शेठनी कसाबसा हँडब्रेक ओढला होता. माय उठली, बोनेटवर हात ठेवला. थंडगार. बोनेट उघडायला लावलं, आत वाकून पाहिलं. आत झेंडूची दोन फुलं होती आणि पलीकडची जमीन दिसत होती.

"आली ना आपली आपण?" शेठचा आवाज बारीक झाला होता.

मायने शेठकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आली. पास."

शेठनी अँबेसिडरला मिठी मारली. मी सलीमभाईंशी हात मिळवला. आम्ही मायला फसवलं होतं! माय नारळ फोडून, गाड्यांना हळदकुंकू लावून, सगळ्यांना आपट्याची पानं देऊन झाल्यावर मळ्याच्या दिशेने वळली आणि दोन शेतं पलीकडे जाणाऱ्या त्या आवाजात ओरडली, "आना रे!"

गॅरेजच्या मागचं शटर वर गेलं. आत ट्रॅक्टर शिरला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत कांदा. त्यामागे दुसरा ट्रॅक्टर. मग तिसरा.

पावसाळाभर गळणारा मायच्या जुन्या चाळीचा पत्रा परतीच्या पावसात उडाला होता. शेवटचा उन्हाळी कांदा भिजायला आला होता आणि भाव चढायला अजून थोडे दिवस हवे होते. कोरडी, वारा खेळणारी, एकशे दहा फुटी जागा पंचक्रोशीत एकच होती. अडचण एवढीच की तिच्यात एकोणीस गाड्या होत्या. त्या सगळ्या एकाच वेळी, कुणाला न सांगता, न भांडता बाहेर काढायच्या होत्या.

"माय, हे गॅरेज आहे!" शेठ म्हणाले.

"मग? मी काय म्हनते? गॅरेजच शे." माय ट्रॉलीकडे बघत होती. "पन कांदा भिजला तर सडतो. गाड्या भिजल्या तर ही बाई त्याला काहीतरी नाव देईल."

दुपारी पुण्याचा फोटोग्राफर आला. त्याने छताच्या कण्यापर्यंत रचलेला कांदा पाहिला, लूव्हरमधून आडवं येणारं ऊन पाहिलं आणि तीन तास फोटो काढत बसला. गाड्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एक गाडी त्याला फ्रेममध्ये अडत होती, ती त्याने बाजूला घ्यायला सांगितली. कंटेसा होती.

फोटो छापून आले. खाली ओळ होती, 'शेतमाल साठवणुकीचा नवा विचार'. त्या महिन्यात मला सहा फोन आले. पिंपळगाव, सटाणा, नांदगाव, कुठून कुठून. सगळ्यांना तसंच हवं होतं. त्यातल्या एकाकडेही जुनी गाडी नव्हती. पुढची दहा वर्षं मी भरपूर चाळी बांधल्या. गॅरेज परत एकही नाही.

गाड्या दिवाळीनंतर आत गेल्या. एकही भंगारात गेली नाही. अँबेसिडरचं इंजिन पुढे सुरू झालं आणि तिच्यातून शेठ अजून मार्केटला जातात. दर दसऱ्याला एकोणीसच्या एकोणीस गाड्या बाहेर येतात आणि पंधरा-वीस दिवस ताडपत्रीखाली राहतात. आता तो घरचा रिवाज झाला आहे.

नवीन आर्किटेक्ट मला विचारतात, क्लायंटशी पहिल्या मीटिंगमध्ये काय बोलावं. मी म्हणते, जो माणूस ड्रॉइंगवर बोट ठेवून बोलतो त्याचं ऐका. पण घरात दुसरं कोणी गप्प बसून तुमच्या दारांची रुंदी मोजत असेल, तर बिल त्याच्या नावे करा.