आमचं बंगाली आणि तिचा तानपुरा

बदलीच्या गावात माणूस भांडी जमवतो, तसे किस्सेही जमवतो. भांडी निदान पुढच्या बदलीत फुटतात, हरवतात. किस्से मात्र बायको जपून आणते आणि पाहुणे आले की काढते! तिने सांगण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

पन्नास सालच्या आसपास मी सरकारी नोकरीत बदलून कलकत्त्याला गेलो. भवानीपूरला दोन खोल्या मिळाल्या. रविवारी आमच्याकडे चहाला दोघं ठरलेले. खालच्या मजल्यावरचे घोषबाबू आणि आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क चाटर्जीबाबू. विषय दोनच, सिनेमा आणि गाणं. दोन्हीतला अधिकारी पुरुष मी, असं माझं मत होतं!

गाणं खरं येत होतं ते आमच्या सुशीलाला. बेळगावला दहा वर्षं शिकलेली. तिचा तानपुरा आम्ही रेल्वेतून मांडीवर घेऊन आणला, पण कलकत्त्यात त्याची गवसणी काही निघेना. "इथं कोण ऐकणार आहे माझं?" म्हणायची आणि डोळे पुसायची. ही पुन्हा गाईल की नाही, या काळजीने मला खरंच झोप लागत नसे. तिला जरा बाहेर काढावं म्हणून मी सिनेमे आणि जलसे यांचा सपाटा लावला.

*

घोषबाबू माझ्याशी हिंदी आणि बंगालीची मिसळ करून बोलत आणि सामंतचं शामोन्तो करत. एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "शामोन्तोबाबू, नोतून बोई एशेछे, नवी आलीय! शनिवारी तीनला जाऊ. उशीर केला तर मिळायची नाही."

मी मालवणचा. बोई म्हणजे आमच्याकडे खाडीतला मासा. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं! शनिवारी ऑफिसातून धावत आलो, सुशीलाला वाटण वाटायला सांगितलं, पिशवीत केळीचं पान घातलं आणि खाली उतरलो. घोषबाबू कडक इस्त्रीचं धोतर नेसून, अत्तर लावून तयार! मनात म्हटलं, बाजारात जायला हे लोक नटतात तरी किती!

ट्रामने गेलो ते थेट एका थिएटरच्या दारात. बंगाली माणूस सिनेमाला 'बोई' म्हणतो, म्हणजे पुस्तक! हे मला तिकीट हातात पडल्यावर कळलं. अडीच तास पिशवी मांडीवर घेऊन बसलो. मध्यंतरात घोषबाबूंनी विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"काही नाही," म्हटलं. केळीचं पान सोडलं तर ते खरंच होतं.

घरी आलो तर सुशीलाने हात पुढे केला. "बोई कुठाय?"

"पाहिली," म्हटलं. "चांगली होती."

*

पुढच्या बोईला सुशीलाला घेऊन गेलो. तिला बंगाली येत नव्हतं आणि मला येत होतं, निदान तशी मी तिची समजूत करून दिली होती. तिच्या कानाशी लागून मी सगळी गोष्ट मराठीत सांगू लागलो.

पडद्यावर जानवं घातलेले एक धिप्पाड गृहस्थ आले. सगळे त्यांना 'ठाकूर, ठाकूर' म्हणत होते.

"हे घराचे मालक. मोठे जमीनदार," मी सांगितलं.

जरा वेळाने ठाकूर मासे तळताना दिसले. "बघ, किती साधी राहणी!"

मग एक बाई त्यांच्यावर खेकसली. "खटल्याच्या घरात चालायचंच," मी म्हटलं.

शेवटी ठाकूर वळकटी काखेत मारून घराबाहेर पडले. मला गहिवरून आलं. "वैराग्य आलं गं त्यांना! एवढ्या इस्टेटीवर लाथ मारली!"

सुशीला शांतपणे म्हणाली, "अहो, ते आचारी आहेत. इथं स्वयंपाक्याला ठाकूर म्हणतात. कालवण खारट झालं म्हणून काढून टाकलंय त्यांना."

ती आणि खालच्या घोषवहिनी रोज दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना गप्पा मारत. हिला आपल्यापेक्षा जास्त बंगाली येतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

हिवाळ्यात कलकत्त्याला गाण्याच्या मोठाल्या परिषदा भरत. एका रविवारी सकाळच्या बैठकीची तिकिटं काढली. माझ्या डाव्या हाताला सुशीला, उजव्या हाताला शाल पांघरलेले एक वृद्ध बंगाली गृहस्थ. गायक आपल्याकडचे. मग काय! मी डोळे मिटले, मान डोलवायला लागलो आणि मांडीवर ताल धरला. समेवर तर अशी सणसणीत थाप देत होतो की मागच्या रांगेलाही कळावं, इथं कोणीतरी जाणकार बसलाय!

अर्ध्या तासाने ते गृहस्थ अत्यंत अदबीने इंग्रजीत म्हणाले, "साहेब, ही मांडी माझी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सम तेवढी जागेवर पडू द्या!"

मी चपापून दुसरीकडे पाहिलं. सुशीलाचं एक बोट खुर्चीच्या हातावर पडत होतं, अगदी गुपचूप, आणि दर वेळी नेमकं समेवर! मी बघतोय हे लक्षात येताच तिने हात पदराखाली घेतला.

*

सरस्वतीपूजा आली. घोषबाबू वर येऊन म्हणाले, "शामोन्तोबाबू, पूजेला तुमच्या घरचं गाणं हवं!"

तुमच्या घरचं म्हणजे माझंच! यात विचारायचं काय?

पूजेच्या सकाळी बघतो तर काय, सुशीला पिवळं पातळ नेसून बसलेली, गवसणी काढलेली आणि तानपुरा सुरात लावलेला! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "लावून ठेवलास? शाब्बास!" म्हटलं, तानपुरा तिच्या हातातून घेतला आणि खाली मांडवात गेलो.

गायलो की हो! चांगला पाऊण तास गायलो! मंडळी एकेक करून देवीला हात जोडत होती आणि उठत होती. श्रद्धाळू लोक, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघालो तर घोषवहिनी जिन्यात म्हणाल्या, "शुशीलार खूब ओभिमान होयेछे."

आता हे तरी मला कोणी समजावून सांगायला नको होतं. बायकोला माझा अभिमान वाटला! दहा वर्षं गाणं शिकलेल्या बायकोला! ऑफिसात जाताना पेढ्यांऐवजी संदेश घेतले आणि टेबलाटेबलावर वाटत सुटलो.

चाटर्जीबाबूंनी अर्धा संदेश खाल्ला आणि विचारलं, "कशाबद्दल?"

"काल मी गायलो, म्हणून माझ्या बायकोला ओभिमान झालाय!"

त्यांनी उरलेला अर्धा खाली ठेवला. "सामंत, आमच्यात ओभिमान म्हणजे गर्व नव्हे. परक्याने दुखावलं तर माणूस भांडतो. आपल्याच माणसाने दुखावलं, की भांडत नाही, बोलतही नाही, आत रुसून बसतो. त्याला म्हणतात ओभिमान."

मी मटकन खुर्चीत बसलो. घोषबाबूंना कोणाचं गाणं हवं होतं आणि तानपुरा कोणासाठी लावला होता, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

*

घरी गेलो. "सुशीला, मी गाढव आहे," म्हटलं. तिने तांदूळ निवडायला घेतले. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "घोषवहिनी रविवारी या म्हणतायत. तानपुरा खाली कोण नेईल?"

मी नेला. एकेक पायरी जपून, लेकरासारखा उराशी धरून नेला. घोषबाबूंच्या खोलीत सगळा शेजार जमला होता, रविवारच्या चहाला आलेले चाटर्जीबाबूही होते. सुशीलाने डोळे मिटले आणि सूर लावला. एक तास कोणी जागचं हललं नाही. घोषवहिनी तर पदराने डोळे टिपत होत्या. शेवटचा सूर थांबला.

ही माझी बायको आहे हे सगळ्यांना ओरडून सांगावं असं वाटलं, आणि सगळ्यांना कळावं म्हणून बंगालीत सांगावं असं वाटलं. त्या भरात चाटर्जीबाबूंनी सांगितलेला अर्थ पार विसरलो. उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो,

"आमार खूब ओभिमान होयेछे!"

चाटर्जीबाबूंनी कपाळाला हात लावला. सुशीलाने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हसून हसून हलत होते. घोषबाबू मात्र घाईघाईने उठले, तिच्या हातातून तानपुरा घेतला आणि हात जोडून माझ्यापुढे ठेवला.

"राग कोरबेन ना, दादा! तुम्हीही एक गाणं म्हणा!"